इशारा पोचला पाहिजे

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका नावाचे एक जुने गाव आहे. येलहंकनाडाच्या प्रभुघराण्यातील केंपेगौडाने इ. स. १५३७ मध्ये बंगळूरचा कोट उभारला, अशी तेथील परंपरा. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, हे नगर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे बनले. मराठी माणसाला त्या भूमीविषयी जी आपुलकी वाटते ती तेव्हापासूनची. आजचे येलहंका मात्र महानगराचे एक गजबजलेले अंग आहे. हवाई दलाचा तळ, रेल्वेगाड्यांची चाके ओतणारा कारखाना, विमानतळाकडे जाणारा रुंद रस्ता आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिलेली बहुमजली गृहसंकुले, असे त्याचे आजचे रूप आहे.

येलहंक्याच्या या हवाई तळावर ठरावीक वर्षांनी विमानांचे मोठे प्रदर्शन भरते. २०१९ सालच्या प्रदर्शनात, २३ फेब्रुवारी रोजी, प्रेक्षकांची वाहने उभी केलेल्या मैदानात आग लागली. वाळलेले गवत आणि वारा यांच्या साहाय्याने ती एका मोटारीवरून दुसरीवर गेली आणि पाहता पाहता सुमारे तीनशे मोटारी भस्मसात झाल्या. काळ्या धुराचे लोट दूरवरून दिसत होते. मालमत्तेची हानी मोठी झाली. परंतु मनुष्यहानी झाली नाही.

त्याच बंगळूर शहरात, बरोबर नऊ वर्षांपूर्वी त्याच तारखेस, म्हणजे २३ फेब्रुवारी २०१० रोजी, जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या सात मजली इमारतीत आग लागली होती. धूर वरच्या मजल्यांवर चढला, कचेऱ्यांत काम करणारी माणसे कोंडली गेली आणि काहींनी जीव वाचविण्यासाठी खिडक्यांतून उड्या घेतल्या. त्या दुपारी नऊ जणांचे प्राण गेले. ज्यांची माणसे गेली त्या कुटुंबीयांनी पुढे 'बियाँड कार्लटन' या नावाने अग्निसुरक्षेचे कार्य आरंभिले आणि ते आजही चालू आहे.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मैदानातील आग आकाराने कितीतरी मोठी होती, पण ती उघड्यावर होती. तिने स्वतःच स्वतःची वर्दी दिली. ज्याला डोळे होते त्याला धूर दिसला आणि ज्याला पाय होते तो दूर झाला. इमारतीत तसे घडत नाही. तेथे आग आणि माणूस यांच्यामध्ये भिंती असतात, बंद दारे असतात, मजल्यांचे थर असतात. तळमजल्यावर काय पेटले आहे ते सहाव्या मजल्यावरच्या माणसाला कळत नाही. आणि कळते तेव्हा पुष्कळदा धूर जिन्यात येऊन पोचलेला असतो. इमारतीने माणसाची दृष्टी व श्रुती अडविली आहे, म्हणून त्याला वेळेवर सावध करण्याचे ऋणही इमारतीवरच येते. छतातील ध्वनिक्षेपक आणि भिंतीवरील लखलखणारा दिवा, ज्याला कारागीर स्ट्रोब म्हणतात, ही ते ऋण फेडण्याची साधने होत.

इशारा देण्याची कला काही नवी नाही. गावात दवंडी पिटली जाई, गडावर नगारा वाजे, मुंबईच्या गिरणगावात भोंगा होई. या साऱ्यांचे बळ एकाच गोष्टीत होते. ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्या आवाजाचा अर्थ ठाऊक होता आणि त्या आवाजावर त्याचा विश्वास होता. इशारा नसला म्हणजे काय होते याचा मुंबईने घेतलेला अनुभव फार कठोर आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्यांबरोबर शेकडो टन स्फोटके होती. ज्या जहाजावर स्फोटके असतील त्याने लाल निशाण लावावे असा संकेत असे. परंतु ते निशाण त्या जहाजावर नव्हते, असे त्या दुर्घटनेच्या वृत्तांतांत नमूद आहे. गोदीतल्या मजुरांना व अवतीभवतीच्या लोकांना ती एक साधी आग वाटली. दुपारी चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. शेकडो माणसे मेली, आणि आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यांत होते. त्यांच्या स्मरणार्थ देशात दरवर्षी १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एका निशाणाने सारे वाचले असते असे म्हणता येणार नाही. पण जे पाहावयास थांबले त्यांतील अनेकांचे पाय तेथून निघाले असते.

इमारतीतील इशाऱ्याचा विचार करताना प्रथम कानाकडे वळावे लागते. पुष्कळ ठिकाणी अशी समजूत दिसते की, प्रत्येक मजल्यावर जिन्याशेजारी एक भोंगा लावला आणि तो कर्कश वाजला म्हणजे काम झाले. थोडा हिशेब केला तर ही समजूत टिकत नाही. ध्वनी डेसिबलमध्ये मोजतात. साधे संभाषण साठ डेसिबलच्या आसपास असते. समजा, एखादा भोंगा तीन मीटरांवर ९० डेसिबल आवाज देतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलांनी उतरतो. म्हणजे सहा मीटरांवर ८४, बारा मीटरांवर ७८. आता मध्ये घराचे मुख्य दार आले. साधे बंद दार सुमारे वीस डेसिबल खाऊन टाकते. उरले ५८. पुढे शयनगृहाचे दार, तेही बंद. उरले ३८. तेवढा आवाज छताच्या पंख्याच्या घरघरीत विरून जातो. जिन्याशी उभ्या राहिलेल्या निरीक्षकाने कानांवर हात ठेवले, आणि आत निजलेल्या माणसाची कूसही बदलली नाही, असा हा प्रकार होतो.

म्हणूनच भारतीय मानक क्रमांक २१८९ या संहितेत आवाज भोंग्यापाशी मोजून भागत नाही, तो माणसापाशी मोजावा लागतो. वावरण्याच्या जागी तो निदान ६५ डेसिबल असावा, आणि जेथे माणसे झोपतात तेथे उशाशी ७५ डेसिबल मिळावा, अशी अपेक्षा आहे. हे साधावयाचे तर ध्वनिक्षेपक घराच्या आत, शयनगृहाच्या जवळ आणावा लागतो. खर्च थोडा वाढतो आणि तारही अधिक लागते. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप त्याच्या कानी इशारा पडतो.

झोपेचे शास्त्र आणखी एक गोष्ट सांगते. नेहमीच्या धूरसूचक यंत्राचा स्वर फार उंच पट्टीचा, तीन हजार कंपनांच्या आसपासचा असतो. वृद्धांच्या कानांतून नेमके हेच उंच स्वर प्रथम हरपतात, आणि लहान मुले तर अशा स्वराने पुष्कळदा जागीच होत नाहीत. प्रयोगांती असे आढळले की सेकंदाला ५२० कंपनांचा, खालच्या पट्टीचा, भरदार स्वर झोपलेल्यास अधिक खात्रीने उठवितो. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या ७२ क्रमांकाच्या संहितेने झोपण्याच्या जागांसाठी आता हाच स्वर सांगितला आहे. स्वराच्या लयीलाही अर्थ आहे. अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे तीन ठोके, त्यांच्यामध्ये अर्ध्या सेकंदाची विश्रांती आणि तिसऱ्या ठोक्यानंतर दीड सेकंदाची शांतता, असे चार सेकंदांचे आवर्तन आंतरराष्ट्रीय मानकाने ठरविले आहे. त्याचा अर्थ एकच: इमारत सोडा. दारावरची घंटा, मोटारीचा भोंगा, दूरध्वनीचा गजर या गोंगाटात हा त्रिताल वेगळा ओळखू यावा, हा त्यामागील हेतू.

परंतु माणूस नुसत्या घंटेने हलत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. घंटा वाजते, माणसे मान वर करतात, एकमेकांकडे पाहतात आणि पुन्हा कामाला लागतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या मॉन्युमेंट या भुयारी स्थानकात गिलेन प्रू आणि जोनाथन साइम या संशोधकांनी यासंबंधी प्रयोग केले आणि १९९१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ घंटा वाजविली तेव्हा प्रवासी फलाटावर गाडीची वाट पाहत थांबून राहिले. जेव्हा ध्वनिक्षेपकावरून नेमके काय घडले आहे आणि कोणी कोठे जावयाचे आहे हे सांगण्यात आले, तेव्हा तेच स्थानक लवकर व नीट रिकामे झाले. घंटेमुळे काही तरी घडले आहे एवढेच कळते. पुढे काय करावयाचे ते माणसाचा शब्द सांगतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी जी आग लागली तीत ५९ प्रेक्षक गुदमरून मेले. तेथे प्रेक्षकांना सावध करणारी घोषणा झाली नाही, याची नोंद न्यायालयांनी घेतली. ज्या सभागृहात ध्वनीचीच व्यवस्था मुख्य असते, तेथे धोक्याचे दोन शब्द उच्चारले गेले नाहीत.

शब्द सांगावयाचा तर तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे. रेल्वेच्या मोठ्या स्थानकावरील एखादी घोषणा पुष्कळांना आठवत असेल. आवाज प्रचंड असतो, पण शब्द एकमेकांत मिसळून गेलेले असतात. फरशी, काच आणि उंच छत यांवरून ध्वनी परत परत उसळतो आणि मागचा शब्द पुढच्या शब्दावर येऊन आदळतो. यावर उपाय आवाज वाढविणे हा नव्हे. त्याने गोंधळच वाढतो. थोडे मोठे ध्वनिक्षेपक लावण्याऐवजी पुष्कळ लहान ध्वनिक्षेपक जवळजवळ लावावेत आणि प्रत्येकाचा आवाज बेताचा ठेवावा, हा जाणत्या कारागिराचा नियम आहे. अशा ध्वनिक्षेपकांच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. मूळ यंत्राकडून शंभर व्होल्टच्या तारेने संदेश येतो, आणि ज्या जागी जितकी शक्ती हवी तितकी त्या ट्रान्सफॉर्मरवर ठरवून देता येते. भोजनगृहात अधिक, अरुंद वाटेत कमी. ही निवड प्रत्येक जागी उभे राहून, शब्द ऐकून करावयाची असते.

मग कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न उभा राहतो, आणि येलहंक्यासारख्या ठिकाणी तो फार महत्त्वाचा आहे. अशा एखाद्या गृहसंकुलाचा एकच मजला डोळ्यांसमोर आणावा. एका घरात कन्नड कुटुंब, शेजारी तेलुगू, पलीकडे बेळगावकडून आलेले मराठी, समोर बंगाली तरुणांची बिऱ्हाडे. घरकामास येणारी बाई उत्तर कर्नाटकातली, फाटकावरचा पहारेकरी ओडिशाचा किंवा आसामचा. या सर्वांना घरच्या व्यवहारापुरती एकमेकांची भाषा येते. पण अर्ध्या झोपेत, धुराच्या वासात, कळेल ती भाषा कोणती? म्हणून घोषणा आधी मुद्रित करून ठेवावी, ती राज्याच्या भाषेत प्रथम असावी, आणि त्यामागून त्या इमारतीत खरोखर राहणाऱ्या लोकांच्या भाषांत असावी. मजकूर तीन वाक्यांपलीकडे जाऊ नये. "तिसऱ्या मजल्यावर आग लागली आहे. लिफ्ट वापरू नका. जवळच्या जिन्याने खाली उतरा." काय झाले, काय करू नये आणि काय करावे, एवढे त्यात आले. क्षमा, विनंती आणि व्यवस्थापनाचे आभार यांना तेथे जागा नाही.

ध्वनिक्षेपकाला एक धोका मात्र आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. घंटा चूक बोलू शकत नाही. माणूस बोलू शकतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यू यॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या उत्तर मनोऱ्यावर विमान आदळले. दक्षिण मनोऱ्यातील पुष्कळ माणसे खाली उतरू लागली होती. इतक्यात, आपली इमारत सुरक्षित आहे, कचेऱ्यांत परत जावे, अशी घोषणा झाली. काही माणसे परत वर गेली. मिनिटांच्या आतच दुसरे विमान त्या मनोऱ्यावर आदळले. घोषणा करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. तो जेवढे जाणत होता तेवढ्यावरून बोलला. तात्पर्य असे की, ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक द्यावयाचा त्याला शिक्षण द्यावे, आणि संशय असेल तेव्हा माणसांना बाहेर काढण्याकडे कल ठेवावा, हे त्याच्या मनावर बिंबवावे.

आता डोळ्याकडे वळावे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. वार्धक्याने ज्यांचे कान मंदावले आणि ज्यांनी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही, ते या संख्येबाहेरच असावेत. त्यांच्या भर, जेथे पोलाद वितळते आणि यंत्रे धडधडतात अशा कारखान्यातला कामगार कानांवर झाकणे लावून काम करतो. कानांत ध्वनियंत्र घालून अभ्यासाला बसलेला विद्यार्थीही त्या वेळेपुरता बहिराच असतो. या सर्वांना इशारा द्यावयाचा तर तो प्रकाशाचा असला पाहिजे. क्षणिक आणि प्रखर लखलखाट निर्माण करण्याची विद्या अमेरिकेतील हॅरल्ड एजर्टन या अध्यापकाने १९३० नंतरच्या दशकात जगापुढे आणली. वेगाने फिरणारे यंत्र स्थिर दिसावे म्हणून त्याने ती वापरली. आज तोच लखलखाट भिंतीवरच्या छोट्या पेटीतून बहिऱ्या माणसाला धोक्याची वर्दी देतो.

हा दिवा कोठे लावावा, याचे नियम अनुभवातून आले आहेत. अमेरिकी संहितेप्रमाणे भिंतीवरचा दिवा जमिनीपासून सुमारे दोन ते अडीच मीटरांच्या दरम्यान असावा; कपाटामागे, पडद्यामागे किंवा उघड्या दाराच्या आड तो जाऊ नये. त्याचे तेज कँडेला या मापाने मोजतात. माणूस जागा असेल तेथे लहान खोलीला १५ कँडेला पुरतात. झोपलेल्या माणसासाठी ११० लागतात. आणि दिवा छताच्या फार जवळ असेल तर १७७. यामागील कारण ऐकण्यासारखे आहे. धूर प्रथम छताशी साचतो आणि दिव्याचे तेज गिळतो; त्याला भेदून जाण्यासाठी हे अधिक बळ. सर्वांत विसरली जाणारी जागा म्हणजे सार्वजनिक स्नानगृह व शौचालय. कर्णबधिर माणूस तेथे एकटा असतो, दार आतून बंद असते, आणि शेजाऱ्याने खांद्याला हात लावून सांगावे असा शेजारीही नसतो.

दिवा लावला म्हणजे तो कसाही लखलखू द्यावा, असेही नाही. काही माणसांना वेगाने उघडझाप होणाऱ्या प्रकाशाने अपस्माराचा झटका येतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील मुलांच्या एका कार्यक्रमात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला बारा वेळा झळकला आणि सुमारे ६८५ जणांना, त्यांत बहुतेक मुलेच, रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून धोक्याचा दिवा सेकंदाला एकदा ते दोनदाच लखलखावा असा दंडक आहे. पण एका दालनात असे सहा दिवे असतील आणि प्रत्येक आपल्या मर्जीने लखलखत असेल, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सेकंदाला सहा किंवा बारा झोत येतील. यासाठी सर्व दिवे एकाच क्षणी लखलखतील अशी जोडणी करावी लागते. भजनातले टाळ जसे एका ठेक्यात पडले पाहिजेत, तसेच हे. गाढ झोपेतील कर्णबधिराला नुसता प्रकाशही नेहमी उठवू शकत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्याच्या उशीखाली थरथरणारी चकती ठेवणे हा अधिक खात्रीचा उपाय होय.

या साऱ्या उपकरणांचा प्राण त्यांच्या तारेत असतो, आणि ती तार दिसत नसल्यामुळे फसगतही तेथेच होते. वर्षभर जिचे काही काम पडत नाही ती तार शाबूत आहे की नाही हे कळावे कसे? यासाठी एक सुंदर युक्ती आहे. तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला एक छोटा रोधक बसवितात आणि नित्य वेळी तारेतून उलट दिशेने अत्यंत क्षीण प्रवाह फिरता ठेवतात. दिव्यातील डायोड त्या प्रवाहाला आत शिरू देत नाही, म्हणून दिवा शांत राहतो. प्रवाह फिरतो आहे तोवर नियंत्रण-पेटीला कळते की तार अखंड आहे. उंदराने ती कुरतडली किंवा रंगाऱ्याने दिवा काढून ठेवला, तर प्रवाह तुटतो आणि पेटी तत्काळ तक्रार करते. आगीच्या वेळी प्रवाहाची दिशा पालटते आणि सर्व दिवे एकदम जागे होतात. परंतु घाईतल्या कारागिराने तारेला मध्येच फाटा काढून एक दिवा लोंबकळत जोडला, तर तो या पहाऱ्याबाहेर राहतो. तो फाटा तुटला तरी पेटी सर्व ठीक आहे असेच सांगत राहील. म्हणून तार एका दिव्यात शिरून त्यातूनच पुढच्याकडे गेली पाहिजे. तशीच आणखी काही पथ्ये आहेत. तार आगीत काही काळ टिकणारी असावी. एकाच मजल्यावरचे ध्वनिक्षेपक एकाआड एक दोन निरनिराळ्या तारांवर असावेत, म्हणजे एक जळाली तरी दुसरी बोलेल. वीज गेल्यावर बॅटरीने चोवीस तास पहारा करून त्यानंतरही घोषणा पुरी करण्याइतका दम धरावा. आणि शेवटच्या दिव्यापर्यंत दाब पुरतो की नाही हे बॅटरीवरच तपासावे.

एवढे सर्व यथासांग झाले तरी एक गोष्ट उरते. ती म्हणजे विश्वास. स्वयंपाकघरातील फोडणीच्या धुराने, उदबत्तीने किंवा धुळीने यंत्र पुनःपुन्हा ओरडू लागले की लोक त्याला हसू लागतात. मग कोणीतरी कंटाळून आवाज बंद करण्याची कळ दाबून ठेवतो आणि ती तशीच राहते. पुढे खरी आग लागते तेव्हा पेटीवरचा बारीक दिवा लुकलुकतो आणि इमारत झोपलेली असते. खोट्या इशाऱ्यावर उपाय यंत्र बंद करणे हा नसून, धूरशोधक योग्य जागी बसविणे व तो वेळच्या वेळी साफ करणे हा आहे. इशाऱ्यावर अविश्वास दाखविण्याची सवय माणसांनाही जडते. ९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात आग लागली आणि नव्वदच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. शेजारच्या गरीब वस्तीतल्या लोकांना धूर दिसला होता आणि ते मदतीला धावलेही होते. परंतु त्यांना प्रारंभी परत लावण्यात आले, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. इशारा आला होता. तो कोणी मानला नाही.

काही ठिकाणी तर ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला इशारा देऊन उपयोगच नसतो. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली. दहा अर्भके दगावली. सात वाचविली गेली. त्या बालकांना भोंग्याचा अर्थ कळणार नव्हता आणि दिव्याकडे पाहून ती उठून चालणार नव्हती. अशा जागी इशारा पोचावयाचा तो परिचारिकेला, सेवकाला, पहारेकऱ्याला. ज्यांचे हात उचलून नेऊ शकतात त्यांना. ते ज्या खोलीत बसतात, जेथे चहा घेतात, जेथे क्षणभर डोळा मिटतात, तेथे ध्वनिक्षेपक आणि दिवा हवा. इशारा कोणाला द्यावयाचा हे आधी ठरवून मग यंत्राची जागा निश्चित करावी, एवढे शहाणपण महाराष्ट्राने त्या दहा बालकांकडून शिकावयाचे आहे.

नियम आपल्याकडे नाहीत असे नव्हे. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि २०१६ मध्ये तिची विस्तृत सुधारित आवृत्ती निघाली. पंधरा मीटर व त्याहून उंच इमारतींना ती उंच इमारती मानते आणि स्वयंचलित सूचनायंत्रणेबरोबर उद्घोषणेच्या व्यवस्थेचाही विचार करते. महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधाचा स्वतंत्र अधिनियम केला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात असे बजावतो. परंतु कागदावरील यंत्र आणि भिंतीवरील यंत्र यांत अंतर पडते, आणि ते अंतर तपासणीच्या दिवशी सर्वांत अधिक जाणवते. तपासणारा नियंत्रण-पेटीपाशी उभा राहतो, कळ दाबली जाते, भोंगा वाजतो, सही होते. त्याऐवजी त्याने वरच्या मजल्यावरील शेवटच्या घरात जावे, शयनगृहाचे दार लावून घ्यावे, पंखा चालू करावा आणि मग खालून कळ दाबावयास सांगावे. त्या खोलीत शब्द कळला तर सही करावी.

त्याहूनही सोपी परीक्षा रहिवाशांना स्वतः करता येईल. वर्षातून दोनदा, आधी सर्वांना सांगून, इशारा वाजवावा आणि इमारत रिकामी करून पाहावी. खाली जमल्यावर एकच प्रश्न विचारावा: कोण आले नाही, आणि का? कोणा आजीबाईंना ऐकू आले नसेल, कोणाला भाषा कळली नसेल, कोणा पहारेकऱ्याला त्याची खोली तळघरात असल्यामुळे पत्ताच लागला नसेल. न आलेल्या प्रत्येक माणसाच्या मागे एक लावावयाचा राहिलेला दिवा किंवा ध्वनिक्षेपक सापडेल.

येलहंक्याच्या मैदानात त्या दिवशी जे आकाशाने फुकट केले, ते चार भिंतींच्या आत मनुष्याला तारेने, ध्वनीने आणि प्रकाशाने करावे लागते. ते काम मोठ्या कीर्तीचे नाही. छतापाशी शिडीवर उभा राहून तार ओवणाऱ्या कारागिराचे नाव कोणाला ठाऊक नसते, आणि त्याने लावलेला दिवा वर्षानुवर्षे लागत नाही यातच सर्वांचे सुख असते. पण ज्या रात्री तो लागावयाचा त्या रात्री शेवटच्या खोलीतल्या शेवटच्या माणसाला तो दिसला पाहिजे, एवढ्या एका कसोटीवर त्याचे काम पारखावे.